एक ठिपका, दोन ठिपके

सैमा कोस्कलाला चौकशा फार, असं हॅनुला रोडवर सगळेच म्हणत. आणि खोटं कशाला सांगा, होत्याच. टपाल घेऊन येणाऱ्या माणसाच्या डाव्या पायात आज वेगळा बूट का, हे विचारल्याशिवाय तिला पाकीट हातात घेववत नसे. तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात डाव चालवला. तिथेही कोणता मुलगा मटार का टाकून देतोय, याचा छडा लावल्याशिवाय ती भांडी घासायला घ्यायची नाही. मग ती निवृत्त झाली, नवरा आर्ने गेला, आणि या सगळ्या चौकशा एका भलत्याच जागी जाऊन बसल्या. बोल्टच्या जुन्या शॉटगनवर.

त्या बंदुकांना आमच्याकडे कुणी विचारत नाही. दुनळी असली तर भिंतीवर टांगतात, पंपाची असली तर मुलाला देतात. बोल्टची मात्र धड रायफल नाही, धड शॉटगन नाही. एक बार उडवला की बोल्टची, म्हणजे नळीमागच्या सरकत्या दांड्याची, मूठ उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली पाडा. तोवर ससा पुढच्या काउंटीत. कॅटलॉगातून मागवलेली, खाणीतल्या आणि शेतावरच्या माणसांची बंदूक ती; कोठाराच्या दाराआड उभी राहायची आणि तिथेच गंजायची. आर्ने गेल्यावर त्याच्या भावांनी चांगल्या चांगल्या बंदुका उचलल्या, ही तेवढी उरली. पदरी पडलं आणि पवित्र झालं, म्हणून सैमाने ती ठेवून घेतली. पुढे तिला सोबत म्हणून दुसरी आली. आता अकरा होत्या, कोठीत जॅमच्या बरण्यांशेजारी ओळीने उभ्या. त्यातली एक बदकांची. तिची नळी एवढी लांब की सैमासारख्या बारकुल्या बाईच्या हातात ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

शिकारही ती त्यांनीच करी. बर्फ पडायच्या आधी तितर, मग पांढरे ससे. दुसरा बार मिळणार नाही हे धरूनच ती रानात शिरायची, त्यामुळे तिचा पहिला सहसा वाया जात नसे. पण तिला खरी गोडी होती ती बंदूक उघडण्यात. त्या काळच्या स्वस्त बंदुकांवर कारखान्याचा नंबरसुद्धा नसे. मग लोक आपापल्या खुणा करत. कुणी दस्त्यावर आद्याक्षरं कोरी, कुणी शिकारीच्या खाचा पाडी. कुठल्या लाकडावर कुणाचा गाल घासलाय, कुठला स्क्रू कुणी स्वयंपाकाच्या सुरीने फिरवलाय, हे सैमा तासन्‌तास बघत बसे.

त्या ऑक्टोबरात तिचा मामेभाऊ ओइवा पेल्कोनेन आपली बंदूक घेऊन आला. वय अठ्ठ्याहत्तर, बोटं सांधेदुखीने वाकलेली.

"बोल्ट बंद होत नाही," तो म्हणाला. "म्हणजे बंदूक ठीक आहे. माझा अंगठा हरलाय."

सैमाने आधी नळी रिकामी आहे ना ते पाहिलं, मग मूठ खाली दाबली. तिलाही जोर लावावा लागला.

"कधीपासून अडकतो?"

"कायमच."

"कायमच म्हणजे? मामाने घेतली तेव्हापासून?"

"तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. कुणाला आठवतंय?"

"आठव."

"तू कॉफी देणार होतीस," ओइवा म्हणाला.

तिने कॉफी दिली, वेलचीचा पाव कापून समोर ठेवला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. ओइवाने पाव बुडवला, चावला, गिळला.

"लहानपणी नव्हता अडकत. नंतर कधीतरी सुरू झालं. मला वाटलं, थंडीने."

"इतकी वर्षं थंडी?"

"आपल्याकडे असते," ओइवा म्हणाला.

आता ओइवाच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, त्याचा धाकटा भाऊ ताइस्तो राहायचा, हे सांगायला हवं. दोघांच्या टपालपेट्या एकाच खांबावर होत्या आणि चाळीस वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. भांड्याला भांडं कुठे लागत नाही? पण यांच्यात वाजलं ते एकदाच. एक्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात दोघं बापाने घेऊन दिलेल्या सारख्याच बंदुका घेऊन सशांना गेले होते, बरोबर ओइवाची कुत्री मुस्ती. ताइस्तो पुढे, दलदलीतल्या झाडीत. ओइवा मागे टेकडीवर. झाडीतून अस्वल निघालं आणि मुस्ती त्याच्या वाटेत आली. ओइवाला बार ऐकू आला नाही, कुत्रीचं केकाटणं तेवढं आलं. तो धावत पोचला तेव्हा अस्वल गेलं होतं, मुस्ती संपली होती आणि ताइस्तो बंदूक हातात घेऊन उभा होता. तो म्हणाला, वाजलीच नाही. ओइवाने ती त्याच्या हातून हिसकावली आणि आभाळात चाप ओढला. बंदूक धडाड वाजली. न वाजलेलं काडतूस दाखव म्हटलं, तर ते गवतात, ताज्या बर्फात कुठेतरी गेलेलं. ओइवा म्हणाला, तू पळपुटा आहेस आणि वर खोटारडाही. ताइस्तो दोन्ही नावं घेऊन घरी गेला आणि त्यानंतर कधी शिकारीला निघालाच नाही. सगळ्या रस्त्याला हे ठाऊक होतं. पोरंसोरं वळून त्याच्याकडे बघायची.

सैमाने दस्त्याखालचा स्क्रू सोडला आणि नळी लाकडातून उचलली.

"हे कशाला?" ओइवा म्हणाला. "मी कधी उघडली नाही."

"दिसतंय."

नळीच्या पोटावर, लाकडाने झाकलेल्या जागी, पोलादी पंचने ठोकलेला एक ठिपका होता. तिने बोल्ट बाहेर काढला. मुठीच्या बुडाशी जुनं तेल डिंकासारखं बसलं होतं. चिंधीला रॉकेल लावून तिने ते पुसलं आणि खिडकीशी नेऊन बघितलं. तिथेही पंचने ठोकलेलं होतं. ठिपके मात्र दोन.

"ओइवा, हे बघ."

ओइवाने चष्मा लावला. नळीवरून त्याने बोट फिरवलं.

"हे बाबांचं. कुऱ्हाडींवर, दुधाच्या कॅनवर, सगळीकडे असंच ठोकायचे. मला एक." मग तो थांबला. "त्याला दोन."

"मग तुझ्या बंदुकीत दोन ठिपक्यांचा बोल्ट काय करतोय?"

ओइवाने बोल्ट हातात घेतला. दोन्ही ठिपक्यांवरून अंगठा फिरवला. सैमाने कॉफी ओतली, पण त्याने कपाकडे पाहिलं नाही.

"त्या शनिवारी दोन्ही बंदुका मीच पुसल्या होत्या," तो म्हणाला. "एकाच टेबलावर. तो गाई दोहत होता."

कुठला शनिवार, हे सैमाला कळलं होतं. तरी तिने विचारलं.

"मुस्तीच्या आदल्या दिवशीचा."

सैमाने चिंधी खाली ठेवली. तरी तिचं डोकं काही थांबेना, तिचा स्वभावच तो. "हे बघ, हे बोल्ट घासून घासून एकेका बंदुकीला बसवलेले असतात. त्याचा तुझ्यात घट्ट बसतो. म्हणजे तुझा त्याच्यात सैल बसत असणार. केसाएवढी फट राहिली तरी बोल्टमधली सुई काडतुसाच्या बुडाला नुसती टिचकी मारते. दहादा वाजेल, अकराव्यांदा नाही वाजणार."

"असणार म्हणजे? नक्की नाही ना?"

"दुसरी बंदूक बघितल्याशिवाय कसं सांगू? मी जाते समोर."

"जाऊ नकोस."

"मग तू जा."

ओइवा खुर्चीतून उठला नाही. सैमाने कोट चढवला, बोल्ट चिंधीत गुंडाळून खिशात टाकला आणि गाडी काढली.

ताइस्तो अंगणात लाकडं रचत होता. सैमाने काही सांगायच्या आधी चिंधी उलगडून हात पुढे केला. त्याने ठिपके पाहिले, हातमोजे काढले आणि म्हणाला, "ये आत." कपाटामागून त्याने फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेली बंदूक आणली, बोल्ट काढून टेबलावर ठेवला. त्यावर एकच ठिपका होता. तोही स्वच्छ पुसलेला.

"तुला माहीत होतं," सैमा म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"पुढच्या वसंतापासून. बर्फ वितळल्यावर ते काडतूस सापडलं मला. बुडाला इतकीशी खळी, नखाने उमटावी तशी. म्हटलं, असं का व्हावं? मग उघडून बघितली."

सैमा खुर्चीवर बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं होतं. पण इथे संन्याशाच्याच हातात चोराचं नाव होतं आणि तो चाळीस वर्षं गप्प राहिला होता. तिला त्याचा राग आला, आणि राग आला म्हणून रडूही आलं.

"अरे, रस्ता ओलांडून जायचं होतं. काडतूस त्याच्या तोंडावर मारायचं होतं. सगळं गाव तुला काय काय बोललं."

"बोललं खरं."

"मग का नाही गेलास?"

ताइस्तो उत्तर देणार तेवढ्यात दार उघडलं. दारात ओइवा उभा होता. सैमाच्या घरापासून तो गाडीने तिच्या मागेच आला होता आणि आधी अंगणात गाडीत बसून, मग दाराबाहेर उभा राहून सगळं ऐकत होता. टोपी हातात होती. तो आत आला नाही, तिथूनच टेबलावरच्या दोन बोल्टांकडे बघत राहिला.

"मी बदलले," ओइवा म्हणाला. "नकळत. पण मीच."

"माहीत आहे," ताइस्तो म्हणाला.

"सैमा विचारतेय ते सांग. का नाही आलास काडतूस घेऊन?"

"मी सांगितलं होतं तुला. त्याच दिवशी, झाडीत. वाजली नाही म्हणालो होतो." ताइस्तोचा आवाज वाढला नाही. "परक्याला पुरावा नेऊन दाखवला असता. तू भाऊ होतास."

ओइवाने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. सैमाला वाटलं, आता हा वळून निघून जाणार, पेल्कोनेनांची खोड आहे ती. पण तो आत आला, खुर्ची ओढून ताइस्तोसमोर बसला.

"मला वाटलं, तू घाबरलास."

"घाबरलोच होतो. चाप मात्र ओढला होता."

ओइवाने एका ठिपक्याचा बोल्ट उचलून तळहातावर धरला. मग ओइवाने विचारलं, "किती वेळा ओढलास?"

"दोनदा," ताइस्तो म्हणाला. "एकदा ओढला, वाजली नाही. मूठ उचलून पुन्हा पाडली, त्याच काडतुसावर पुन्हा ओढला. मग ते फेकून दुसरं भरलं, तोवर सगळं संपलं होतं. मुस्ती माझ्याकडे बघत होती, ओइवा."