एंटर तुम्ही मारा

कागल एमआयडीसीतल्या आमच्या बॉयलरचं दाब मोजणारं यंत्र सारखं एरर देत होतं. तपासायला आलेला माणूस लॅपटॉपवर एकेक कमांड टाइप करी आणि एंटर मारण्याआधी दरवेळी बोट पँटला पुसून घेई.

शेवटी तो म्हणाला, "यंत्र कमी दाखवतंय. आत दाब जास्त हाय. बॉयलर बंद ठेवा."

साहेब म्हणाले, "आज माल जायचाय. एरर तेवढी पुसा."

त्यानं पुसायची कमांड टाइप केली आणि लॅपटॉप साहेबांपुढं सरकवला. "एंटर तुमी मारा. मी गेटाभायेर थांबतो." मग बॉयलरपाशी उभ्या असलेल्या माझ्याकडं वळला. "पावणं, तुमी बी चला की."

साहेबांनी एंटरवरचं बोट उचललं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं, ते तेव्हाच.