खंडेनवमीची खुर्ची

शेवटच्या भेटीत शैलाने मला तिच्या तब्येतीविषयी एक शब्द बोलू दिला नाही. दवाखान्यातल्या खाटेवर उशीला टेकून बसली होती, हाताला सलाइन, आणि मी स्टूल ओढून बसते न बसते तोच तिने विचारलं, "खंडेनवमीला मशीन बंद करणार न्हवं?" नुकतेच गणपती उठले होते. मी म्हटलं, "तू बरी होऊन ये, मग बघू." त्यावर तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. पण उत्तर मिळाल्याशिवाय झोपेल ती शैला कसली... "मी नसलो तरी बंद करायचं. नसलो म्हणूनच करायचं. व्हय म्हण," ती डोळे न उघडता म्हणाली. मी व्हय म्हटलं. खाटेवरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्यानंतर दोनच दिवसांनी वडगावातून तिच्या भावाचा फोन आला. "आक्का गेली," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. मी कणीक मळत होते. रडू फुटायच्या आधी माझ्या मनात आलं ते हेच, की आता खंडेनवमीला काय करायचं?

मी बेळगावातल्या एका रक्तपेढीचं ऑफिस सांभाळते. कुणी कधी रक्त दिलं, कुणाचा गट कोणता, कोण कुठे राहतो, त्याचा फोन नंबर काय, हे सगळं आमच्या एका मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर आहे आणि ते मशीन शैलाने बसवलेलं आहे. ती माझी शाळेपासूनची मैत्रीण. वडगावात तिच्या घरी चार पॉवरलूम होते. त्या खडखडाटात मोठी झाल्यामुळे ती जन्मभर जरा मोठ्यानेच बोलायची, आणि आमच्या भागातल्या बायकांसारखी "मी आलो, मी गेलो" करत बोलायची, मग समोर परदेशी साहेब असला तरी. परदेशी साहेबांशी तिचं रोजचं बोलणं होतं. युनिक्सच्या वळणाची एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. ती कुणा कंपनीच्या मालकीची नाही, जगभरची माणसं मिळून लिहितात, कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, चूक सापडली तर सुधारून परत पाठवावी. आमच्या मशीनवरही तीच आहे, आणि शैला तिच्यातला एक भाग सांभाळायची. चालू मशीनची वीज एकाएकी गेली तर डिस्कवर अर्धवट लिहिलेलं तसंच राहतं. मशीन पुन्हा सुरू होताना डिस्क तपासून ती मोडतोड शोधणारा, दुरुस्त करणारा एक प्रोग्राम असतो, तो तिच्याकडे होता. तिला विचारलं, हेच काम का घेतलंस, तर म्हणायची, "आमच्या घरात दुसरं काय केलंय गं आम्ही?" आणि ते खरं होतं. मागावर साडी अर्धी झालेली असताना करंट जायचा, आडवा धागा नेणारा धोटा मध्येच अडकायचा, ताण्याचे उभे धागे तुटायचे. करंट आला की पोरं बटणाकडे धावायची आणि तिचे आप्पा ओरडायचे, "करंट आला म्हणून बटण दाबायचं न्हाय. आदी तुटलंय कुठं ते बघा." सात-आठ वर्षांची शैला वाकून तुटलेली टोकं शोधायची आणि जोडायची.

आमच्याकडून तिने पैसे घेतले नाहीत, पण एक अट घातली, आणि ती पैशापेक्षा महाग पडली. खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आमच्याकडे अवजारांची पूजा होते. वडगावातले माग त्या दिवशी थांबतात, धुऊनपुसून त्यांना झेंडूच्या माळा घालतात. शैलाचं म्हणणं, मशीनही त्या दिवशी थांबलं पाहिजे. नुसतं थांबून भागणार नव्हतं. त्यातली डिस्क काढून पूजेच्या ताटात ठेवायची, कोरी डिस्क बसवायची, सगळी सिस्टीम नव्याने घालायची आणि कपाटात ठेवलेल्या कॉपीवरून आमची सगळी माहिती परत आणायची. आणि हे तिने नाही, आम्ही करायचं. ती लाल प्लास्टिकची खुर्ची घेऊन अंगणातल्या बदामाच्या झाडाखाली जाऊन बसायची. "आता मी मेलोय," म्हणायची. "मेलेल्या माणसाला काय इच्यारायचं न्हाय." सणासुदीचं हे अभद्र बोलणं मला मुळीच आवडायचं नाही. मी तसं म्हटलं की हसायची. पहिल्या वर्षी तर गंमतच झाली. काय करायचं त्याची तिने लिहिलेली सूचना आम्ही जपून ठेवली होती ती त्याच मशीनवर, आणि मशीन तर बंद करून बसलो होतो. मी बाहेर जाऊन सांगितलं तर बाई खुर्चीत बसून पोट धरून हसत होती. तेव्हापासून त्या सूचनेचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

पण एक खंडेनवमी अशी आली की हसू कुणालाच आलं नाही. जुनी डिस्क ताटात होती, नवी अजून कोरी होती, आणि निपाणीच्या एका दवाखान्यातून फोन आला. बाळंतीण होती, रक्त थांबत नव्हतं, ओ निगेटिव्ह हवं होतं. आमच्याकडची त्या गटाची शेवटची पिशवी आदल्याच दिवशी गेली होती. निपाणीकडे त्या गटाचे रक्तदाते होते, पण त्यांचे नंबर डिस्कवर... आमचे डॉक्टरसाहेब, पेढीचे प्रमुख, म्हणाले जुनी डिस्क परत लावा. लावली. तिला लागलेलं कुंकूही पुसायला थांबलो नाही. डिस्क आतून टक टक करत राहिली, उठेना. पुन्हा लावली, तरी तेच. मी अंगणात पळाले.

"शैला, जुनी डिस्क उठत न्हाय. आत चल."

"मी मेलोय."

"चेष्टा नको गं. तिकडं निपाणीत एक बाई जाईल."

"मग हितं कशाला उभी हायस? कागद बघ आणि कर."

माझ्या तोंडून तेव्हा जे निघालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी आत आले आणि कागद वाचत एकेक ओळ टाइप करू लागले. आमची लॅब टेक्निशियन महादेवी शेजारी उभी राहून ओळ वाचून दाखवायची, मी टाइप करायचे. तिचं शाळेपासून सगळं कन्नडमध्ये झालेलं, त्यामुळे मराठी वाचताना ती एकेका अक्षरावर थांबायची आणि मला वाटायचं की आता जीव जातो. डॉक्टरसाहेब निपाणीचा फोन कानाला लावून उभे. आत सिस्टीम चढत होती, माहिती उतरत होती, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती न पाहिलेली बाई होती. शेवटी यादी उघडली. निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या माणसाचं नाव पहिलंच निघालं. तो हातातलं काम टाकून दवाखान्यात गेला. बाई वाचली, तिला मुलगी झाली होती. हे कळल्यावर मी बाहेर गेले ती शैलाला सरळ करायला. ती तशीच बसली होती. शेजारच्या स्टुलावर महादेवीने ठेवलेला चहा भरलेलाच होता, त्याच्यावर साय धरली होती. ओढणीचं टोक तिने बोटाला एवढं आवळून गुंडाळलं होतं की बोट निळं पडलं होतं. मी म्हटलं, "तुझ्या या सोहळ्यापायी डिस्क मेली." ती म्हणाली, "बंद केली म्हणून मेली न्हाय. ती आदीच मेलती. फिरत होती म्हणून तुमाला कळलं न्हवतं."

दिवाळी होऊन गेली तरी मी तिच्याशी बोलले नाही. मग एक दिवस चिवड्याचा डबा घेऊन तीच घरी आली, आणि चहा पिता पिता, मी काही विचारलं नसताना म्हणाली, "मी आत आलो असतो तरी ती बाई वाचलीच असती. पण तिच्या पुढली कुणी वाचवली असती, मी नसताना?" मग कप खाली ठेवून म्हणाली, "दोनदा उठलोतो खुर्चीतनं." एवढंच. तिचं खरं होतं हे मला त्याच वेळी कळलं, आणि तरी सांगते, माझा राग गेला नाही. कुणाचा जीव टांगणीला लागलेला असताना दुसऱ्याला शिकवू नये, हे माझं मत तिच्या चितेसमोर उभी असतानाही तसंच होतं. जिच्यावर एवढं प्रेम आहे तिच्यावर एवढा रागही असू शकतो, हे मी या वयात शिकते आहे.

तर यंदाची खंडेनवमी. डॉक्टरसाहेब आदल्या दिवशीच टेबलापाशी आले. माणूस भला आहे, पण चालत्या गाड्याला हात लावायला घाबरतो. "विमलताई, आता त्या नाहीत. चाललंय तसं चालू दे. उद्या बंद केलं आणि उठलं नाही, तर आपण कुणाला विचारणार?" मला त्यांचं पटत होतं, हीच तर पंचाईत होती. मीही रात्रंदिवस हेच म्हणत होते. पण व्हय म्हणून बसले होते. त्यांना म्हटलं, "ते उठतंय की नाही, हे मला उद्या कळलेलं बरं. एखाद्या बाळंतिणीच्या वेळी कळायला नको." हे बोलणं माझं नव्हतं, तिचं होतं.

सकाळी महादेवीने ताट केलं, हळद-कुंकू, झेंडू, नारळ. मी खोलीत आले तर खिडकीतून अंगण दिसलं, आणि बदामाखाली लाल खुर्ची मांडलेली. शेजारी स्टुलावर चहाचा कप. "हे काय गं?" मी विचारलं. "दर वर्षी असतंय की, मॅडम," महादेवी म्हणाली आणि नारळ पुसू लागली. मी मशीन बंद केलं. त्याच्या पंख्याचा आवाज थांबल्यावर खोली एकदम परकी वाटली. डिस्क काढली, ताटात ठेवली, कोरी बसवली, कपाटातली कॉपी जोडली. कागदाप्रमाणे सगळं सुरळीत चाललं होतं. माहिती अर्ध्यावर उतरली असेल, आणि करंट गेला.

आमचा जनरेटर रक्ताच्या फ्रिजसाठी आहे. या खोलीतला बॅटरीचा डबा दोनदा किंचाळला आणि गप्प झाला. अंधाऱ्या स्क्रीनसमोर आम्ही तिघं. नवी डिस्क अर्धवट, कॉपीची डिस्क नेमकी त्याच वेळी जोडलेली, आणि जुनीचा भरवसा मी एकदा बघितलेला... डॉक्टरसाहेब फ्रिजचा जनरेटर चालू झाला का ते बघून आले. करंट आला तेव्हा मी बटणाकडे हात नेला, पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं म्हणून. महादेवीने माझं मनगट धरलं. "कागदावर न्हाय म्हणून लिवलंय, मॅडम." खरंच लिहिलं होतं. करंट गेला तर घाई नको, त्याला आधी तपासू दे.

मशीन आपणहून उठलं आणि डिस्क तपासू लागलं. एकेक ओळ स्क्रीनवर येत होती. मध्येच थांबलं आणि प्रश्न विचारला, इथे तुटलंय, जोडू का? शैला कधीच डोळे झाकून हो म्हणू द्यायची नाही. मी शेजारच्या लॅपटॉपवर त्या प्रोग्रामची माहिती उघडली. प्रश्नाचा अर्थ साध्या चार वाक्यांत दिला होता, आणि सगळ्यात शेवटी, लिहिणाऱ्यांच्या नावांत, शैलाचं नाव होतं. मला इतक्या आठवड्यांत आलं नव्हतं तसं रडू आलं. डोळे पुसून मी 'हो' टाइप केलं. पुन्हा ओळी, पुन्हा प्रश्न, पुन्हा वाचून उत्तर. दोन्ही डिस्क तपासून झाल्या. कॉपी शाबूत होती. राहिलेली माहिती उतरली. मी यादी उघडून ओ निगेटिव्ह आणि निपाणी टाकलं. वखारीतल्या त्या माणसाचं नाव पहिलंच आलं. डॉक्टरसाहेब भिंतीला टेकून उभे होते ते खुर्चीत बसले.

आता एकच काम उरलं होतं. मशीन एकदा पूर्ण बंद करून, आपणहून सगळं नीट उठतं का ते बघायचं. मी महादेवीला म्हटलं, "हे तू एकटीने कर."

"आणि तुमी?"

"मी मेलोय."

"सणाचं असलं बोलू नका, मॅडम," ती म्हणाली, अगदी मी शैलाला म्हणायचे तशी.

मी अंगणात जाऊन त्या लाल खुर्चीत बसले. खिडकीतून पंख्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग काहीच येईना. त्या खोलीपासून खुर्चीपर्यंतचं अंतर किती लांब आहे ते तिथे बसल्यावर कळतं. मी उठले, परत बसले. पुन्हा उठले. आतून महादेवी ओरडली, "आलं, मॅडम," तेव्हा माझ्या पदराचं टोक बोटाला आवळलेलं होतं. शेजारी चहा तसाच होता, त्याच्यावर साय धरली होती.