साडूभाऊंची बिनकागदी सहल

आमच्या साडूभाऊंच्या परवानगीशिवाय नाशिकमध्ये आजवर कोणालाही मजा करता आलेली नाही. निदान आमच्या नात्यागोत्यात तरी नाही. कल्याण, पुणे, ठाणे, कुठूनही एखादं जोडपं शनिवार-रविवार गाठून नाशिकला यायचं म्हणालं की ही बातमी साडूभाऊंना कशी कोण जाणे लागते, आणि त्या जोडप्याची बॅग भरून व्हायच्या आत त्यांच्या फोनवर दोन दिवसांचा कागद येऊन पडतो. कागद म्हणजे वहीचं पान. हिरवी शाई, पट्टीने आखलेल्या रेषा, वर फोटो काढून पाठवलेलं. त्यात 'सकाळी पांडवलेणी' असलं ढोबळ काही नसतं. 'सहा पन्नास, पायऱ्या चढायला सुरुवात. सात दहा, दम लागणे. सात पंधरा, दम जाणे व नाशिककडे पाहणे' असं असतं. माझ्या एका जाड मित्राने अर्ध्या पायऱ्यांवरून घाबरून फोन केला होता, की मला सात पाचलाच दम लागला, आता काय करू? "बसा," साडूभाऊ शांतपणे म्हणाले, "सात दहापर्यंत."

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते मला साडूभाऊ म्हणतात, मी त्यांना साडूभाऊ म्हणतो, आणि आम्ही दोघं एका खोलीत असलो की कोणी कोणाला हाक मारली हे चेहऱ्यावरून ओळखायचं. नोकरीभर ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कोणत्या शेताला पाटाचं पाणी कधी आणि किती तास, ही पाळी लावून देणं हे त्यांचं काम. कालव्याच्या शेवटच्या टोकाला जो शेतकरी असेल त्याला पाणी आधी, आणि तोंडाशी बसलेल्याला सगळ्यात शेवटी, असा तिथला नियम. नाहीतर वरचेच सगळं पिऊन टाकतात. निवृत्तीनंतर कालवा सुटला, नियम सुटला नाही. सहलीतसुद्धा सगळ्यात लांबचं ठिकाण आधी आणि घराजवळचं शेवटी. त्यामुळे त्यांच्याकडे आलेला पाहुणा भल्या पहाटे त्र्यंबकच्या पलीकडे कुठेतरी कुडकुडत उभा असतो, आणि त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर असलेलं रामकुंड मात्र त्याला दुसऱ्या दिवशी परत निघताना गाडीच्या काचेतून दिसतं. माझी आई दोनदा नाशिकला जाऊन आली आणि दोन्ही वेळा तिने गोदावरीला मागच्या सीटवरून नमस्कार केला.

पण कागद ही फक्त संहिता. साडूभाऊंचं खरं वैभव म्हणजे तालीम. पाहुणे यायच्या आठवडाभर आधी ते स्कूटर काढून तो सगळा कार्यक्रम स्वतः एकदा पार पाडतात. पायऱ्या चढतात, स्वतःला दम लागू देतात, देवळाच्या रांगेत उभे राहतात, आणि दर्शन झालं की पुन्हा मागे जाऊन उभे राहतात, कारण एका रांगेवरून सरासरी निघत नाही. माझ्या पुतण्याचं नवीन लग्न झालं तेव्हा त्या दोघांसाठी म्हणून त्यांनी एका दिवसात पाच ठिकाणची मिसळ खाल्ली. डॉक्टरांनी त्यांना तिखट बंद केलेलं आहे. ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, विचारलं तेव्हा म्हणाले, "खातंय कोण? मी तपासतो." त्याच पुतण्यासाठी ते द्राक्षबागेतल्या त्या हिरवळीवर जाऊन बसले, जिथे मुंबईची मंडळी ग्लास हातात धरून सूर्यास्त बघतात. साडूभाऊंनी आयुष्यात द्राक्षाचा रस सोडून द्राक्षाचं दुसरं काही घेतलेलं नाही. त्यांनी लिंबूसरबत मागवलं, घड्याळ समोर ठेवलं आणि कागदावर नोंद केली : 'एक ग्लास, पंचवीस मिनिटे. नवीन लग्न असल्यास चाळीस.'

आम्ही स्वतः कल्याणहून दर वर्षी थंडीत त्यांच्याकडे जातो. घोटी आली की त्यांचा फोन येतो. "घोटी ना? चहाला थांबू नका. तुमचा चहा पाथर्डी फाट्यावर आहे." एका वर्षी मी बंडखोरी करून घोटीतच चहा प्यायलो आणि फाट्यावर दुसरा. घरात पाऊल टाकल्यावर साडूभाऊंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाले, "अकरा मिनिटं." मला पाट फोडून पाणी चोरल्यासारखं वाटलं.

ह्या सगळ्यात ताई पस्तीस वर्षं संसार करत होत्या. ताई आणि माझी बायको सटाण्याच्या. दोघी एरवी तुमच्या-आमच्यासारखं बोलतात, पण राग आला की थोरली अहिराणीत शिरते, आणि ती शिरली की साडूभाऊ उभे राहतात. गेल्या नोव्हेंबरात मात्र त्यांना अहिराणीचीही गरज पडली नाही. त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता आणि आम्ही दोघं त्या शनिवार-रविवारी जाणार होतो. नेमकं तेव्हाच ताईंच्या महिला मंडळाचं केरळला जायचं ठरत होतं. ज्यांना हवं त्यांनी यजमानांना न्यावं, ज्यांना नको त्यांनी एकटीने यावं, सोमवारपर्यंत नाव द्यायचं. ताईंनी साडूभाऊंना समोर बसवलं आणि सांगितलं, "हे दोघं येताहेत. मला दोन दिवस बिनकागदाचे पाहिजेत. उठलो, निघालो, वाटलं तिथे थांबलो. पस्तीस वर्षांत एकदा. कागद दिसला, की सोमवारी मी माझं एकटीचं नाव देते. अन् मग पुढेही एकटीच जाईन."

साडूभाऊ "बरं" म्हणाले.

बुधवारी मला त्यांचा फोन आला. आवाज इतका हळू, की मला वाटलं घरात कोणी आजारी आहे. "साडूभाऊ, कागद करायचा नाही असं ठरलंय. तेव्हा तुम्ही पाठच करा."

मी म्हटलं, "काय?"

"शनिवारी सव्वाबाराला मखमलाबाद रोडवर तुम्हाला अचानक भूक लागेल."

"आणि नाही लागली तर?"

"लागेल. पोहे कमी ठेवतोय. रविवारी पाच वाजता धरणाच्या पाण्याकाठी तुम्ही म्हणायचं, 'अहो, इथे थांबू या का, सहज?' 'सहज' शब्दाआधी थोडं थांबा. पाहून सुचल्यासारखं वाटलं पाहिजे."

आता हे कबूल केलं पाहिजे, की शाळेच्या नाटकात मी तिसरा शिपाई होतो आणि माझ्या अभिनयाला तेव्हापासून कोणी विचारलेलं नव्हतं. मी आरशासमोर दोन दिवस भुकेची तयारी केली. शनिवारी सव्वाबाराला, मखमलाबाद रोडवर, मी असा काही कळवळलो की माझ्या बायकोने गाडी दवाखान्याकडे वळवायला सांगितली. साडूभाऊ समोर बघत पुटपुटले, "थोडं कमी."

ते स्वतः मात्र चोख होते. घड्याळ घरी ठेवून आले होते, आणि दर दहा मिनिटांनी रिकाम्या मनगटाकडे बघून, दचकून, मनगट खाजवत होते. मधूनच झाडाची सावली बघायचे. ताईंना एकदा शंका आली. त्यांनी एकदम विचारलं, "तुमना खिसामा काय शे?" साडूभाऊंनी दोन्ही खिसे बाहेर काढून दाखवले. रुमाल, किल्ली, दोन वेलदोडे. ताई खिडकीकडे वळल्या आणि हसल्या. मी त्यांना त्या घरात इतकं मोकळं हसताना फारसं पाहिलेलं नाही. मिसळीच्या ठिकाणी मालक लांबूनच हात करत आला, "या काका, परवा सांगितलं तसं झाडाखालचं..." आणि मी तिथल्या तिथे रस्सा घशात अडकवून घेतला. हा प्रवेश लिहिलेला नव्हता. ठसका खरा निघाला, डोळ्यांतून पाणी आलं, मालक पाणी आणायला धावला आणि शनिवार वाचला.

रविवार दुपारपर्यंत ताई वेगळ्याच झाल्या होत्या. कुठेही "थांबवा" म्हणायच्या. एका शेताच्या कडेला उतरून त्यांनी तिथल्या बाईकडून झेंडूची फुलं घेतली, त्यात वीस मिनिटं गेली, आणि साडूभाऊंच्या कपाळावर नोव्हेंबरात घाम आला. त्यामुळे गंगापूर धरणाच्या पाण्याकाठी आम्ही पाचऐवजी पावणेपाचलाच पोहोचलो, कारण ती वीस मिनिटं भरून काढायला साडूभाऊंनी गाडी इतकी हाणली की उलट पंधरा मिनिटं शिल्लक पडली. मी थांबून, पाहून, सुचल्यासारखं करून म्हणालो, "अहो, इथे थांबू या का... सहज?" जमलं होतं. तिथे एका बाईंची चहाची टपरी होती, पाण्याकडे तोंड करून चार-सहा खुर्च्या टाकलेल्या. ताई पदर सावरत उतरल्या, म्हणाल्या, "किती छान जागा हो. आपल्याला कशी माहीत नव्हती?"

चहावाल्या बाई पुढे आल्या. "काका, आज लवकर? परवा तर पाचला आला व्हता." मी खोकलो. त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. त्या ताईंकडे बघत होत्या. "ह्याच का काकू? अवो, परवा दोन चहा सांगितले अन् एकटेच बसले. म्या म्हटलं, दुसरा कुनाला? तर म्हने, ती रविवारी येनार हाय. लय वेळ बाजूची खुर्ची हिकडं-तिकडं करत व्हते. म्हने, तिच्या डोळ्यांत ऊन नाय आलं पाहिजे."

साडूभाऊ धरणाच्या पाण्याकडे असे बघत राहिले, जणू भिंत फुटली असून पहिला निरोप त्यांनाच द्यायचा आहे. माझी बायको हळूच म्हणाली, "म्हणजे तुमची कालची भूकसुद्धा?" मीही पाण्याकडे बघू लागलो.

ताई जाऊन खुर्चीवर बसल्या. आता अहिराणी येणार म्हणून मी एक पाऊल मागे झालो.

"मग?" त्या म्हणाल्या. "मी काय म्हटलं?"

"कधी?" साडूभाऊ.

"परवा. इथे. तुमच्या शेजारी बसले होते ना?"

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मला काहीही माहीत नव्हतं. मग ते शेजारच्या खुर्चीवर टेकले. "छान आहे, म्हणालीस."

"अजून?"

"अजून एक चहा घेऊ म्हणालीस."

"भांडले नाही?"

"थोडीशी. शेवटी."

"कशावरून?"

"मी म्हटलं, उठायची वेळ झाली. त्यावरून."

"मग उठलो आपण?"

"नाही," साडूभाऊ म्हणाले. "तू उठली नाहीस. म्हणून मग मी पण बसलो."

ताईंना एकदम काहीतरी आठवलं. "थांबा. शुक्रवारी तुम्ही कोथिंबीर आणायला म्हणून दोन तास गेला होता, ते हे?"

"हो."

"अन् कोथिंबीर न आणताच आलात."

"विसरलो," साडूभाऊ म्हणाले.

ताईंनी चहा संपवला. मग पिशवीतून फोन काढला आणि मंडळातल्या मैत्रिणीला लावला. आम्ही तिघं कान देऊन. "हां, ऐक ना. आमचं नाव लिहून घे. नाही, एकटीचं नाही, जोडीचं. हो, दोघंही." साडूभाऊंनी डोळे मिटले. "पण एक कर. रोजच्या कार्यक्रमाचा जो कागद निघेल ना, तो ह्यांना पाठवायचा नाही. मलाही नको, ते माझ्या फोनमधून बघतील. बसमध्ये बसवा आणि न्या."

साडूभाऊ अगदी लहान आवाजात म्हणाले, "निघायचं किती वाजता, तेवढं तरी..."

"कळेल," ताई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आम्ही तिथून किती वाजता उठलो, हे कोणालाच माहीत नाही.

डिसेंबरात ते दोघं केरळला गेले. मी तीन दिवस कळ काढली आणि चौथ्या दिवशी राहवेना म्हणून फोन लावला. मागे बायकांची गाणी चालली होती, त्यांत ताईंचा आवाज सगळ्यात वरचा.

"कुठे आहात?"

"बसमध्ये."

"निघालात कुठे?"

"माहीत नाही," साडूभाऊ म्हणाले. आमच्या सव्वीस वर्षांच्या ओळखीत हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. उच्चार जरा अडखळत होता, नव्या भाषेसारखा.

"पोहोचणार कधी?"

"विचारायचं नाही असं ठरलंय." मग थोडं थांबून म्हणाले, "हिने मला खिडकीशी बसवलंय."

"काय दिसतंय?"

मला वाटलं फोन कटला. पण बसचा आवाज येत होता, कोणीतरी टाळ्या वाजवत होतं.

"खूप काय काय आहे हो," ते म्हणाले. "सांगायला वेळ लागेल."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. कल्याणला गॅलरीत उभा राहून, फोन कानाला लावून, मी कुठल्यातरी अनोळखी रस्त्यावरून चाललेली ती बस बराच वेळ ऐकत राहिलो.