तपासनिसांनी तपासलेला कर्नल

लग्नाला बारा वर्षं झाली. त्यात बायकोनं चारचौघांत माझं कौतुक एकदाच केलं, आणि ते मला आठवडाभर पुरलं. ती अंधांसाठी ब्रेल पुस्तकं छापणाऱ्या एका छोट्या संस्थेत मजकूर टाइप करायचं काम करते. तिथला छपाईचा संगणक एका बुधवारी सकाळी धूर सोडून कायमचा गप्प झाला. सगळे डोक्याला हात लावून बसले असताना ही म्हणाली, "आमच्या ह्यांना येतं ते. त्यांनी स्वतः कर्नल बांधलाय."

कर्नल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. पडदा, कळफलक, छपाईचं यंत्र या सगळ्यांना कामाला लावतो तो. आणि असा एक कारभारी मी खरंच बांधला होता. लग्नाआधी बागेतल्या एका बाकावर बसून मी तिला ते मोठ्या ऐटीत सांगितलंही होतं. बांधल्यावर तो चालला नव्हता, एवढं सांगायचं राहून गेलं. पोटापाण्यासाठी मी एका कंपनीत दुसऱ्यांचे अडकलेले प्रोग्रॅम दुरुस्त करतो, म्हणजे बंद करून पुन्हा चालू करतो.

संस्था सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आहे. एका खोलीत भिंतभर जाडजूड पुस्तकं, कारण ब्रेलमध्ये छापलं की साधं शाळेचं पुस्तकही सहा खंडांचं होतं. दुसऱ्या खोलीत ते यंत्र. ते जाड कागदावर ठिपके ठोकून उठवतं आणि इतका आवाज करतं, की त्याच्यावर जुनी रजई टाकून ठेवलेली असते. ते बनवणारी कंपनी कधीच बुडाली. मागे राहिलं यंत्र जोडायला संगणकात बसवायचं एक कार्ड, आणि एका सीडीवर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कारभाऱ्याला या यंत्राशी बोलायला शिकवणारा मजकूर. हा ड्रायव्हर एका जुन्या कर्नलशीच जुळवून घ्यायचा, नव्यांशी त्याचं पटत नव्हतं. माळ्यावरून एक जुना संगणक निघाला, त्यात कार्ड बसलं. आता त्याच्यासाठी तो जुना कर्नल माझ्या नव्या लॅपटॉपवर कंपाईल करायचा, म्हणजे माणसानं लिहिलेल्या ओळींचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करायचं, इतकंच उरलं होतं.

"दोन तासांचं काम," मी म्हणालो. उथळ पाण्याला खळखळाट फार.

"दोन तास म्हणजे दुपारच्या चहापर्यंत," कोपऱ्यातून आवाज आला. "मग थांबतो मी."

हे तिथले तपासनीस. वय अठ्ठावन्न, अंगानं काटकुळे, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. चौथ्या वर्षी दृष्टी गेली. गेली एकतीस वर्षं ते छापलेलं प्रत्येक पान बोटांनी वाचून चुका काढतात. बोटांना ते फार जपतात. घरी गरम भांड्याला हात लावत नाहीत, बाहेर सुती हातमोजे घालतात, आणि नवा माणूस भेटायला आला की आपले दोन्ही हात मागे बांधतात. नुसत्या पावलांवरून माणूस ओळखायची कला त्यांच्याकडे असेल, अशी माझी समजूत होती. म्हणून पहिल्या दिवशी मी काही न बोलता मुद्दाम त्यांच्यासमोर चालून पाहिलं.

"कोण आहे?" ते म्हणाले. "आणि येरझाऱ्या का घालताय?"

बायको त्यांना काका म्हणते. त्यामुळे मी आपोआप जावईबापू झालो, आणि जावयाला टोमणे मारायचा हक्क त्यांना मिळाला. तो त्यांनी भरपूर वापरला.

मामला मात्र थट्टेचा नव्हता. संस्थेची समिती वर्षभर म्हणत होती, की ब्रेल आता वाचतं कोण, पुस्तकं रेकॉर्ड करून ऐकवू. यंत्र बंद पडणं म्हणजे त्यांना आयतं निमित्त. पुढच्या मंगळवारी अकरा वाजता समिती येणार होती. यंत्र चाललं नाही तर ते भंगारात, आणि त्याबरोबर तपासनिसांचं कामही संपणार.

"नोकरीचं मी बघेन काहीतरी," पहिल्याच दुपारी ते मला म्हणाले. "पण ऐकून शुद्धलेखन येत नाही, जावईबापू. मी चार वर्षांचा असल्यापासून एक अक्षर पाहिलेलं नाही, तरी र्‍हस्वदीर्घाला मी कुणाला हार जात नाही. ते बोटांतून आलंय. ऐकून ऐकून मोठी झालेली मुलं एक ओळ धड लिहू शकणार नाहीत. आणि माझं म्हणाल, तर दुसऱ्याच्या वेगानं पुस्तक ऐकायचं म्हणजे दुसऱ्यानं घास भरवल्यासारखं वाटतं मला."

मी मान डोलावली. मग त्यांना ती दिसत नाही हे आठवून "हो" म्हणालो.

काम लवकर व्हावं म्हणून मी एकाच वेळी आठ फायली कंपाईल व्हाव्यात अशी आज्ञा दिली. पडद्यावर ओळींचा लोंढा सुटला आणि दोन मिनिटांत थांबला. शेवटची ओळ होती: एरर दोन. मी इंटरनेटवर "एरर दोन" शोधलं. निम्म्या जगाला एरर दोन आला होता आणि प्रत्येकाला वेगळ्या कारणानं आला होता. बुधवारची दुपार आणि गुरुवारची संध्याकाळ मी त्या निम्म्या जगाचे उपाय करून पाहण्यात घालवली. एकानं लिहिलं होतं, माझं जमलं, सगळ्यांचे आभार. कसं जमलं ते लिहिलं नव्हतं. त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही.

शुक्रवारी कर्नल बाजूला ठेवून मी ड्रायव्हर हातात घेतला. निदान तो तरी होईल म्हणून. त्यातल्या तीन ओळींवर हे रूपांतर करणारा कंपायलर अडला: यातलं फंक्शन, म्हणजे यातली आज्ञा, मला माहीत नाही. मलाही माहीत नव्हतं. मी त्या तिन्ही ओळींपुढे दोन दोन तिरक्या रेघा मारल्या. असं केलं की कंपायलर त्या ओळी वाचतच नाही. ड्रायव्हर झटक्यात तयार झाला. आमच्या धंद्यात ही लबाडी सगळे करतात आणि सगळे म्हणतात, नंतर बघू. मी बायकोला फोन करून सांगितलं की ड्रायव्हर झाला. ती म्हणाली, "वा." मी आणखी फुगलो.

शनिवारी कर्नल पुन्हा एरर दोनवर. मी वैतागून म्हणालो, "या जुन्या कर्नलमध्येच काही दम नाही."

"अंगण वाकडं आहे तर," तपासनीस म्हणाले. त्यांनी खुर्ची माझ्या शेजारी ओढली. "काय म्हणतोय तो? वाचा."

"एरर दोन."

"ही पहिली चूक?"

"शेवटची."

"आम्ही शेवटच्या चुकीपासून तपासत नाही. पहिली वाचा."

पहिली सापडेना. आठ फायलींच्या ओळी एकमेकींत मिसळून त्यांचा काला झाला होता. ते म्हणाले, "आठजण एकदम बोलले तर मलाही काही कळणार नाही. एकेकाला बोलू द्या." एकेक फाईल घ्यायची म्हणजे वेळ लागणार होता. पण ही सूचना कर्नलचा क सुद्धा माहीत नसलेल्या माणसानं करावी याचा राग जास्त आला. रागातच मी आज्ञा बदलली. लोंढ्याऐवजी शांतपणे एकेक ओळ येऊ लागली, आणि एका जागी थांबली. तिथे एक पूर्ण वाक्य होतं. मी त्याचा गोषवारा सांगू लागलो.

"गोषवारा नको. शब्दन् शब्द."

दोन शब्द चाळून बाकीचा अर्थ मनानं लावायची मला सवय. पण ज्याला पडदा दिसत नाही त्याच्यासमोर ती चालेना. मी वाचलं: यादीला अमुक तपासणी लावणं आता चालत नाही, कंसात, बहुधा हा एक शब्द गाळलात तरी पुरेल.



"मग गाळा की," तपासनीस म्हणाले.

मी तो शब्द गाळला आणि गाडी पुढे सरकली. चार दिवस मी जगभर जे उत्तर शोधत होतो ते माझ्याच पडद्यावर कंसात लिहिलेलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बायको टाइप करायचं थांबून भिंतीकडे बघत होती, तिचे खांदे हलत होते.

रविवार आणि सोमवार आम्ही असेच बसलो. मी वाचायचो, ते ऐकायचे. कधी एकच नाव दोन फायलींत जाहीर झालेलं असायचं. त्यावर ते म्हणाले, "एका नावाचे दोन विद्यार्थी, एकाचं काढा." कधी नव्या कंपायलरला जुनी ढिलाई खपत नसायची. त्याचं ते कौतुक करायचे: "कडक आहे. माझ्यासारखा आहे." अर्ध्या वेळा त्यांच्या सूचना साफ चुकीच्या असायच्या. पण मोठ्यानं वाचता वाचता मलाच कळायचं आणि मी ते माझ्याच हुशारीच्या खाती टाकायचो. सोमवारी दुपारी कर्नल तयार झाला. मंगळवारी दहा वाजता माळ्यावरचा संगणक त्याच्यावर चालू झाला आणि यंत्रानं दहा ओळींचं पान ठोकून बाहेर टाकलं. तपासनिसांनी वाचलं. "बरोबर," ते म्हणाले. आणि तेच पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. मी गहिवरलो, बराचसा स्वतःच्याच कर्तबगारीनं.

अकराला समिती आली. निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या अध्यक्षबाई आणि आणखी दोघे. बाई म्हणाल्या, "एक अख्खा धडा छापून दाखवा." रजईखाली धडधड सुरू झाली आणि चार पानं बाहेर आली. ठिपके सुबक होते. समितीनं पानं उजेडात धरली, त्यांवरून अंगठा फिरवला, एकमेकांकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "छान उठलेत. म्हणजे हे चालतंय तर. मग ठेवायला हरकत दिसत नाही."

झालं होतं काम. त्या तिघांपैकी कुणालाही ब्रेल येत नव्हतं. तपासनिसांनी सवयीनं पानं हातात घेतली. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर, मधोमध, बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा तिथेच थांबलं. त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला.

झाकली मूठ सव्वा लाखाची. गप्प बसले असते तर यंत्र राहिलं असतं, ते राहिले असते, मी तर कर्नलवाला म्हणून मिरवलोच असतो. नंतर निवांत दुरुस्त करता आलं असतं. मनातल्या मनात मी त्यांना विनवत होतो, की काका, आता नको.

"बाई, पान चुकलंय," ते म्हणाले. "एक अख्खी ओळ नाही. तिसऱ्या पानावर दोन नाहीत."

"आम्हाला काही कळलं नसतं हो," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला कळावं म्हणून छापत नाही आपण." मग मान माझ्याकडे वळली. "जावईबापू, त्या एका शब्दाखेरीज आणखी काही गाळलंत का?"

चार माणसं माझ्याकडे बघत होती, त्यात माझी बायको. खोटं बोलायला तोंड उघडलं आणि त्यातून खरं निघालं, म्हणजे मला खोटंही धड जमत नाही. "ड्रायव्हरमधल्या तीन ओळी," मी म्हणालो. "कळत नव्हत्या म्हणून बंद केल्या."

"काय होतं त्यांत?"

मी लॅपटॉप उघडला आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. तिन्ही ओळींचा अर्थ एकच होता: यंत्र तयार आहे असं म्हणेपर्यंत थांब. मी थांबणंच काढून टाकलं होतं. दहा ओळींत निभावलं. धडा मोठा झाल्यावर यंत्र मागे पडलं आणि ज्या ओळी त्याला पेलल्या नाहीत त्या त्यानं सोडून दिल्या. कंपायलरची तक्रारही मी तेव्हाच पूर्ण वाचली असती, तर हे फंक्शन ज्या फाईलमध्ये सांगितलंय तिचं नाव वर घालायचं राहिलंय, एवढं मला कळलं असतं. एका ओळीचं काम होतं.

"किती वेळ लागेल?" बाईंनी विचारलं.

दोन तास, असं अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, "माहीत नाही. पण बसलात तर करतो."

त्या बसल्या. बायकोनं चहा केला. पंचवीस मिनिटांनी धडा पुन्हा छापून निघाला आणि तपासनिसांनी चारही पानं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचली. भराभर, कुठेही न अडखळता. समिती हातातला चहा विसरून ऐकत होती. वाचून झाल्यावर बाई सोबतच्या दोघांना म्हणाल्या, "यंत्र राहील. आणि हे तपासतात तोवर राहील. असं लिहा."

समिती जिना उतरून गेली. मी तपासनिसांच्या टेबलापाशी उभा राहिलो. ते आता आभार मानतील आणि त्यावर मी "त्यात काय एवढं" म्हणेन, अशी तयारी होती. ते पुढचा धडा छापायला लावून नुकतंच निघालेलं पान वाचू लागले होते.

"काका," शेवटी मी म्हणालो, "मघाशी गप्प बसला असतात तरी चाललं असतं. मी उद्या नीट केलं असतं."

"केलं असतंत," ते म्हणाले. बोट चालूच होतं. "गेल्या बुधवारपासून भीतीनं माझं जेवणात लक्ष नव्हतं. वाटायचं, मंगळवारनंतर वाचायला काही मिळणार नाही. ते एकच पान शेवटचं असतं, तर ते चुकीचं नको होतं मला."

ते पानाच्या तळाशी पोचले, पान उलटलं, आणि दोन्ही हात नव्या पानाच्या पहिल्या ओळीवर ठेवले.

"जा आता तुम्ही दोघं घरी," ते म्हणाले. "वाचतोय मी."