पळसाच्या द्रोणातले किडे

वडिलांनी नाल्याजवळची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, त्या साली माझ्या हवाली केली. "यंदा तुया मनानं कर. जमलं तर वावर तुयं, नाही तर मास्तरकी पाह्य," एवढंच म्हणाले. मास्तरकीचा मला तिटकारा होता. पानांमागे रस शोषणारा मावा दिसला तसा माझा जीव थाऱ्यावर राहीना.

त्या माव्यात काळे, नारिंगी ठिपक्यांचे, खरबरीत अंगाचे किडे फिरत होते. हेच पीक खाणार, असं मी ठरवून टाकलं आणि किडे मारायची पावडर आणली. निंदायला येणारी म्हातारी मावशी म्हणाली, "बापू, त्याईले काहून मारतं? ते मावा खातेत. मोठे झाले का त्याईचेच लाल ढालकिडे होतेत."

"मावशी, तू निंदण पाह्य," मी म्हणालो. मॅट्रिक झालेला माणूस निंदणाऱ्या बाईचं कशाला ऐकतो!

धोतराच्या जुन्या फडक्यात पावडरीची पुरचुंडी बांधली आणि सकाळी दव होतं तोवर काठीनं ठोकत सगळं वावर फिरलो. ओल्या पानाला पावडर चिकटते. चार दिवसांत पानं स्वच्छ झाली. वडिलांना मुद्दाम वावराच्या कडेला धुऱ्यावर नेऊन दाखवलं.

पंधरवड्यात मावा परतला, पहिल्याहून दाट. पानं चिकट होऊन चकाकू लागली. ते काळे किडे मात्र औषधालाही दिसेनात. मी जेवता जेवता उठून वावरात जायचो, काहीच न करता परत यायचो. शेवटी घाबरून पुन्हा पुरचुंडी ठोकली.

दुसऱ्या दिवशी मावशी पळसाचा द्रोण घेऊन आली, वर फडकं बांधलेलं. आत लाल ढालकिडे. आपल्या ज्वारीतून तिनं ते एकेक करून वेचले होते. कालच पावडर मारली, हे सांगायला माझी जीभ रेटेना. तिच्यासमोर मी ते झाडाझाडांवर सोडले.

संध्याकाळी ते झाडांखाली उताणे पडले होते. मावा जागच्या जागी होता. मी पायानं त्यांच्यावर माती लोटली.

"टिकले का रे किडे?" सकाळी तिनं विचारलं.

"टिकले," मी म्हणालो, आणि स्वतःची शरम वाटली.

दोन दिवसांनी ती दुसरा द्रोण घेऊन आली. "हे घे. माह्याही ज्वारीवर मावा हाय, पण तुये टिकून राह्यले ना, म्हणून होते तेवढे सारे आणले."