धर्मशाळेचे गज

प्रकरण तसे किरकोळच, पण आजही आठवले की हातातला घास हातात राहतो. निजामाचे राज्य होते, लढाईचे दिवस होते आणि लोखंड औषधालाही मिळत नव्हते. आळंद तालुक्यातल्या एका ठाण्यात मी अमीन होतो, म्हणजे आजचा फौजदार.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आमच्याकडे सारे गाव शेतात जेवायला जाते. मागे राहतात ती कुत्री. नेमके त्याच दिवशी गाणगापूरच्या वाटेवरल्या धर्मशाळेच्या खिडक्यांचे गज कुणीतरी उपसून नेले. म्हातारा रखवालदारही जेवायला गेलेला, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर. जमादाराने त्याला रोज ठाण्याच्या ओट्यावर आणून बसवले. ज्याच्यावर आळ येतो तो गावाकडे आमच्यापेक्षा बारकाईने बघू लागतो, हा माझा अनुभव आहे. बरेच दिवस गेल्यावर म्हातारा हळूच म्हणाला, "साहेब, गावकुसाकडच्या त्या मजुराची बायकू तीन साल माहेरी होती. आता नांदायला आली. कामून आली, तेवढं बघा की."

कारण गावाला माहीत होते. त्या मजुराचे छप्पर जळाले, त्यात थोरला मुलगा गेला. पोटुशी बायको माहेरी निघून गेली ती पुन्हा जळेल अशा छपराखाली पाय ठेवणार नाही असे सांगून. हा गडी पुलाच्या कामावर राबला होता. तिथे बघून बघून शिकला, मजुरीच्या बदल्यात सिमेंट घेतले आणि स्वतःच घरावर स्लॅब टाकला.

त्याच्या घरी जाऊन मी विचारले, "आत काय घातलंस?"

"बांबू, साहेब. चिरून, डांबर लावून. लोखंड गरिबाला कुठनं मिळायलंय?"

तासभर तो बांबूवरच अडून बसला. जमादार काठीकडे बघू लागला तेव्हा मी त्याला चहाला पाठवले. मी थकलो होतो. उगाच वर बघत बसलो. अर्ध्या स्लॅबखाली लाकडी टेकू तसेच होते. उरलेल्या अर्ध्याखाली एकही नव्हता, आणि माहेरी जन्मलेल्या लेकीचे अंथरूण तिथेच होते.

"सगळा बांबूच, तर इथलेच टेकू का काढलेस?"

त्याने लेकीकडे पाहिले. "बांबूचा भरवसा वाटंना, साहेब. पोर निजती तेवढ्यात लोखंड घातलंय."

पंचनामा झाला. गज काढायला घण त्याने स्वतःच मागून घेतला. "दुसरा फोडंल तर उरलेलं बी पाडंल," म्हणाला. बायको पोरीला घेऊन अंगणात उभी होती. ती आता परत माहेरी जाणार हे मी गृहीतच धरले होते. जमादाराला बैलगाडी बघायलाही सांगितली होती.

गज मोकळे झाले, त्याच्या हातात बेडी पडली. तेव्हा ती ढिगारा ओलांडून आत आली आणि नवऱ्याला म्हणाली, "उरलेलं जळतंय का?"

"न्हाई. पर टेकू काढू नगंस."

तिने टेकूंमधली जमीन झाडली आणि तिथे अंथरूण घातले. तो गडी तेव्हा ढसाढसा रडला. मला तिथे उभे राहवेना.

माणूस काय बोलतो ते सोडावे, तो आपले मूल कुठे निजवतो ते पाहावे, एवढे त्या घरात मी शिकलो. पुढे त्यावर कितीतरी गुन्हे उघडकीस आणले, शाबासक्याही मिळाल्या. निघताना तिने एकच विचारले होते, "पावसाळ्याच्या आत सुटतील का हो, साहेब?"

"बघू," मी म्हणालो. सरकारी नोकरीत या शब्दावर आयुष्य निघते. त्या दिवसापासून मला मात्र तो कुणाच्या तोंडावर म्हणवला नाही.