घाट ओलांडून आलेली अर्जदार

डहाणूच्या कचेरीसमोर मी बावीस वर्षे अर्ज लिहीत आहे. समोरचा माणूस बाकावर टेकण्यापूर्वीच त्याचे गाऱ्हाणे मी ओळखतो. त्या दिवशी एक बाई मात्र सायकलवरून उतरल्या. वय साठीचे, हात उन्हाने रापलेले. त्र्यंबकहून जव्हार, तलासरीमार्गे त्या एकट्या आल्या होत्या. मोखाड्याच्या घाटात ओळखपत्र दरीत पडले होते, आणि ते हरवल्याच्या अर्जावर पोलिसांची पोच दाखवल्याशिवाय लॉजवाला खोली देईना.

शिरस्त्याप्रमाणे मी लिहिले : ‘अर्जदार वयोवृद्ध असून नाइलाजास्तव सायकलने प्रवास करीत आहे.’

बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवले. “भाऊ, हे खोडा. नाइलाज कसला? घरी मोटार आहे माझी.”

“बाई, साहेबांना दया यायला हवी!”

“दया नको हो, पोच हवी. घाटात ढग माझ्या पायांखालून गेले. नाइलाजाने आले असते, तर मान खाली घालून नुसते पेडल मारले असते.”

मी नवा कागद घेतला. ‘अर्जदार स्वेच्छेने घाट ओलांडून आली आहे,’ असे वाक्य माझ्या हातून प्रथमच उतरले.

अर्ध्या तासात त्या पोलीस ठाण्यातून पोच घेऊन परतल्या आणि सायकलवर बसून निघाल्या. तहसीलदारांसाठीही मी उठत नाही. त्या दिसेनाशा होईपर्यंत मात्र उभा राहिलो.